वाकडा पाळणा, सरळ दस्ता

ती. मामांस,

तुमच्या भाच्याचा साष्टांग नमस्कार (आज नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून). मामींचा गुडघा काय म्हणतो? तुमचं बीपी? सकाळची गोळी राहिली असेल तर आधी घ्या, मग पुढे वाचा.

तर तुमच्या बंदुकीचा दस्ता. सगळं खानदान माझ्या हाती साधा स्क्रू-ड्रायव्हर द्यायला कचरतं, आणि तुम्ही ऐन नेमबाजीच्या स्पर्धेच्या तोंडावर दस्ता काढून माझ्या स्वाधीन केलात. म्हणालात, नुसता घासून पॉलिश कर. खरं सांगतो मामा, मला भरून आलं होतं. आता घासायचा म्हणजे तो हलता कामा नये, आणि त्याला एक बाजू सपाट असेल तर शपथ! शिकंज्यात आवळावा तर ओरखडे, मांडीवर घ्यावा तर साबणासारखा सटकतो. म्हटलं, आधी त्याला पाळणा करू: आडवी फळी, तिच्यावर दोन उभ्या पट्ट्या, पट्ट्यांना गोल खाचा, खाचांना आतून मऊ लोकर. (लोकर हिच्या कोटाच्या बाहीची. कोट आता बिनबाह्यांचा आहे आणि ही माझ्याशी कामापुरतंच बोलते.) पाळणा इतका देखणा झाला की येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तोच दाखवत होतो. दूधवाला हल्ली बाटल्या खालीच ठेवून जातो.

मग दस्ता त्यात निजवला आणि सहज वर सपाटी बघायची पाणसळ आडवी ठेवली, तर बुडबुडा एका अंगाला पळाला! अरेरे, म्हटलं, मामा इतकी वर्षं वाकड्या दस्त्याने नेम धरतायत आणि कुणाला पत्ता नाही! मला तुमची दयाच आली. रंधा घेतला आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत गाल टेकायचा उंचवटा अगदी प्रेमाने उतरवला. शेवटची साल निघाली तेव्हा ही दारात उभी राहून म्हणाली, "रिकाम्या पाळण्यावर ठेवून बघितलीत का ती पाणसळ?" (अशा सूचना काम झाल्यावरच मिळतात.) ठेवली. बुडबुडा त्याच अंगाला, त्याच उत्साहाने पळाला. मामा, दस्ता सरळच होता हो. मी भुशातच बसकण मारली.

चूक माझी, शंभर टक्के. मनसोक्त रागवा, पण फोनवर रागवा. पॉलिश मात्र झकास झालंय.

तुमचा आज्ञाधारक (तेवढी एक आज्ञा सोडून),
भाचा

ता. क. सुतार नवा दस्ता करून देतो म्हणालाय, पण स्पर्धेनंतर. म्हणून एक विचारायचं होतं, खरं तर पत्र त्यासाठीच: यंदापुरती मान जराशी उजवीकडे कलती ठेवून नेम धरता येईल का?

आणखी एक ता. क. अवघड अजिबात नाही. तुम्हाला सांगण्याआधी रोज संध्याकाळी मी स्वतः सराव करून पाहिला. छान जमतं. फक्त कालपासून माझी मान सरळ होत नाहीये. ही म्हणते, पाळणा रिकामाच आहे, त्यात ठेवून बघू. आणि रंधा कुठे ठेवलाय ते विचारतेय.