तुमच्या नातीचे बूट

गुरुजी, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. बातमी आली तेव्हा मी कॅनडातल्या एका दवाखान्यात नर्स होते. गावाकडच्या कोणीतरी मोबाइलवर तुमचा हार घातलेला फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्यांचे दैवत हरपले’. मी फोटो पाहिला, मोबाइल लॉकरमध्ये ठेवला आणि जेवायला गेले. डब्यात वांग्याची भाजी होती आणि ती चांगली झाली होती, हे मला अजून आठवतं. त्या दिवसाचं तुमच्याबद्दल दुसरं काही आठवत नाही. आज लिहायला बसले आहे ती तुमच्या नातीमुळे. एरवी तुमच्यावर कागद खर्च करावा असं तुम्ही काही केलेलं नाही.

आधी भाषेचं सांगते. ‘मले’ म्हटलं की तुम्ही हातावर छडी मारायचात. ‘मले नाही, मला.’ चंद्रपूरच्या सावली तालुक्यातल्या त्या एवढ्याशा गावात, जिथे तुमची स्वतःची आई अंगणातून ‘कुठी चालला रे’ म्हणून तुम्हाला हाक मारायची, तिथे तुम्ही पुण्याहून पार्सल आल्यासारखे बोलायचात. राग आला की मात्र ते सगळं गळून पडायचं आणि आतून ‘काऊन वं’ बाहेर यायचं. आम्ही मुली त्यावर पोट धरून हसायचो. हे पत्र शुद्ध भाषेत आहे, ते तुमचा मान ठेवायचा म्हणून नव्हे. छड्या खाऊन शिकलेली भाषा आहे, आता माझी आहे, आणि तुमच्याबद्दल जे बोलायचं ते मी तिच्यातच बोलणार.

मी सातवीत. रोवण्याचे दिवस. आई दुसऱ्याच्या बांधीत भात रोवते आणि शाळेची वेळ होईपर्यंत मीही तिच्या बाजूला वाकलेली असते. हापशीवर बायांची रांग, म्हणून मी पाय न धुताच शाळेकडे पळत सुटते. पोटरीपर्यंत चिखल. तुम्ही वर्गाच्या दारात उभे, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. रोज सकाळी ओला खडू फिरवून तुम्ही ते पांढरे करायचात, आमच्या वह्या तपासायला मात्र तुम्हाला कधी वेळ मिळाला नाही. ‘शेत उचलून आणलंस का इथे?’ मी म्हणते, ‘गुरुजी, हापशीवर गर्दी होती.’ तुम्ही म्हणता, ‘तुमच्या लोकांना कितीही सांगा.’ तुमच्या लोकांना म्हणजे कोणाला, ते वर्गातल्या प्रत्येकाला कळतं. आमच्या घरी बुद्धवंदना होते, आणि तुमच्या घरी धान पाखडायला येणाऱ्या माझ्या आईला ओसरीच्या पुढे पाऊल टाकता येत नाही. त्याच बांधीच्या मालकाचा मुलगा तोच चिखल घेऊन माझ्या मागून येतो आणि तुमच्या बगलेतून आत जाऊन बसतो. त्याचा चिखल तुम्हाला दिसत नाही. रोवणं संपेपर्यंत मी व्हरांड्यात बसले. अपूर्णांक मी खिडकीतून शिकले.

मग तुम्हाला माझी दया आली. दया तुम्हाला नेहमी लोक जमल्यावरच यायची. पंधरा ऑगस्टला सरपंच, गावचे चार मोठे लोक, सगळी शाळा समोर बसलेली, आणि तुम्ही माझं नाव पुकारलंत. ‘गरीब पण होतकरू विद्यार्थिनी.’ हातात तुमच्या मुलीचे जुने बूट. तुमची मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पहिल्या रांगेत बसून स्वतःचे बूट ओळखत होती. मी ते घेऊन खाली जाणार होते, पण तुम्हाला ते सगळ्यांसमोर माझ्या पायांत बघायचे होते. टाच आत जाईना. तुम्ही वाकून हळूच म्हणालात, ‘बोटं दुमडून घे.’ मी बोटं दुमडली आणि झेंड्यापर्यंत चालत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आईने माझे पाय पाहिले आणि दुसऱ्या दिवशी बूट शेजारच्या लहान पोरीला देऊन टाकले. ते तुम्हाला कळलं तेव्हा वर्गात मला उभं करून म्हणालात, ‘यांना दिलेलं टिकत नाही.’

नर्सिंग मी आईच्या मजुरीवर आणि वसतिगृहाच्या जेवणावर केलं. तुमचा त्यात एक शब्दही नाही. कॅनडात आठ वर्षं राहिले, आणि आई थकली तेव्हा परत येऊन चंद्रपुरात घर केलं. आई आता माझ्याजवळ असते.

गेल्या जुलैत तुमची मुलगी दारात आली, सोबत तिची मुलगी. पोरगी कॅनडाला शिकायला चालली होती. तुमची मुलगी सोफ्याच्या काठावर बसली, पेढ्यांचा डबा पुढे सरकवला आणि पिशवीतून एक खोकं काढलं. ऑनलाइन मागवलेले बूट, वरच्या कडेला पांढरी केसाळ पट्टी.

‘बाई, तुमी तिथी राह्यल्या म्हणून विचारून राह्यली. बर्फात हे चालन ना?’

मी एक बूट हातात घेतला. तळवा अंगठ्याने दाबला. कडक प्लास्टिक, जरासुद्धा वाकत नव्हतं. वरचं कापड आणि तळवा नुसते डिंकाने चिकटवलेले. असा बूट थंडीत काचेसारखा होतो आणि वितळलेल्या बर्फात दहा मिनिटांत पाणी पितो. पोरगी मोबाइलवर कोणाला तरी उत्तर देत होती. मी सांगायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात तुमची मुलगी म्हणाली,

‘आमचे बाबा सगळ्याइले सांगे, तिले मीच घडवलं म्हणून. तुमचे पयले बूट बी त्याइनंच देल्ले न.’

ती हसत म्हणाली. तिच्या मनात खोट नव्हती, तेवढी अक्कलही नव्हती. तुम्ही माझ्या नावावर घरोघरी चहा प्यायलात, मरेपर्यंत. मी बूट खोक्यात ठेवला आणि म्हटलं, ‘चालन.’

आई आतल्या खोलीतून ऐकत होती. त्या दोघी गेल्यावर म्हणाली, ‘पोरीनं तुयं काय केलं?’

कोणते बूट घ्यावेत हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मीही असेच देखणे बूट घालून बसस्टॉपवर उभी राहिले होते. वॉर्डातल्या एका फिलिपिनो सिस्टरने माझे ओले मोजे पाहिले आणि सुट्टीच्या दिवशी मला जुन्या वस्तूंच्या दुकानात घेऊन गेली. अर्ध्या तासात तिने सगळं शिकवलं आणि दुकानातल्या कोणाला कळलंही नाही की एक बाई दुसरीला मदत करते आहे. तुम्हाला हे जमलं नसतं. तुम्हाला सरपंच लागला असता.

जानेवारीत पोरीचा व्हिडिओ कॉल आला. इथे संध्याकाळ, तिथे सकाळ. घोट्याला पट्टी, डोळे सुजलेले.

‘मावशी, आईले नका सांगू. बसमधून उतरली अन् सटकली. हाड मोडलं नाई, पण दोन हप्ते झाले कामावर जाता नाई येत. आज पयल्यांदा बाहेर पडाचं हाय.’

‘पायात काय होतं?’

‘तेच. केसाचे. रोज ओले होत होते, मी आतून पॉलिथिन घालून जात होती.’

पॉलिथिन. बर्फ पडतो तेव्हा तरी तो कोरडा असतो. वितळायला लागला की रस्त्यावर टाकलेलं मीठ, माती आणि पाणी मिळून राखाडी लगदा होतो, आणि त्यात ती तीन महिने पायांना पिशव्या बांधून फिरत होती. तुमची नात. तुमच्यासारखंच नाक, तशाच जाड भुवया. मी म्हटलं, ‘मैत्रिणीले सोबत घे अन् जुन्या सामानाच्या दुकानात जा. नवीन नको घेऊ. तिथी गेल्यावर मले फोन लाव.’

तिने दुकानातून फोन लावला. मैत्रिणीने मोबाइल धरला आणि ही एकेक जोडी माझ्यासमोर आणू लागली. पहिला छान दिसत होता, मी म्हटलं, ‘वाकवून दाखव.’ वाकला नाही. ठेव. दुसऱ्याची नाडीखालची जीभ बाजूंना शिवलेली नव्हती, तिथूनच पाणी आत येतं. ठेव. तिसरा कुरूप होता, मातकट, घोट्यापर्यंत सलग रबर, वर जाड चामडं, तळव्याला खोल खाचा. आतलं लोकरीचं अस्तर बाहेर निघत होतं, म्हणजे रात्रभर हीटरजवळ सुकवता येईल.

‘मावशी, हे घालून कॉलेजात जाऊ? कोळशाच्या खाणीतल्या माणसासारखी दिसन मी.’

‘घुग्घुसच्या खाणीतली माणसं पाय शाबूत घेऊन घरी येतेत. जाड मोजा घाल अन् उभी राह्य. बोटं हालतेत का?’

‘हालतेत.’

‘टाच वर उठते?’

‘थोडीशी.’

‘तेवढी उठू दे. चाल.’

ती दुकानातल्या दोन रांगांमधून लंगडत गेली आणि परत आली. चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. किंमत तिला परवडणारी होती. तिने तेच पायांत ठेवले आणि जुने दुकानाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले, मला दाखवून.

मग फुटपाथवर उभी राहून म्हणाली, ‘आबा बरोबर म्हणे, तुमी लय हुशार आहात. ते शाळेत कसे होते हो?’ दुसरं कोणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, तुमच्या खडूच्या बुटांसकट. तिला म्हटलं, ‘कडक होते.’ तुमच्यासाठी याहून चांगला शब्द माझ्याजवळ नाही आणि तोही मी तिच्या घोट्याकडे बघून दिला, तुमच्याकडे बघून नाही.

निरोप घेताना ती म्हणाली, ‘मावशी, तवा ते बूट तुमी नुसते वरून पाह्यले न. तुमाले तरी कसं समजन.’

मी म्हटलं, ‘हो ना.’

पाठवायला तुमचा पत्ता नाही. खरं तर जुलैतल्या त्या ‘चालन’बद्दल तिला लिहायला हवं, चार ओळींत होईल. दोन महिने झाले, ते अजून मला लिहिता आलेलं नाही.