आईचं कॉलेज

प्रिय आई,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. जेवलीस का, झोप लागली का, यातच सगळा वेळ जातो. म्हणून लिहायला बसलेय. शनिवारच्या मराठी शाळेत तूच गिरवून घेतलेली अक्षरं आहेत, तेव्हा कुठे 'तो'चं 'ती' झालं असेल तर रागावू नकोस. बेसिंगस्टोकला आज चक्क ऊन पडलंय. तुझा लाडका जावई परीक्षित ऑफिसला गेलाय आणि मला सोफ्यावर पाय वर करून बसायचा हुकूम आहे, त्यामुळे वेळच वेळ आहे. आणि रिकामी बसले की हल्ली मला सारखं तुझंच काहीतरी आठवत राहतं.

बाबा गेल्यावर इथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येकाने तुझ्यासाठी काही ना काही ठरवून टाकलं होतं. स्वातीमावशी तुला भजनाला नेणार होती, मी तुला आमच्याकडे आणणार होते. तू सगळ्यांचं ऐकून घेतलंस, सगळ्यांना चहा पाजलास आणि एका दुपारी मला फोन करून म्हणालीस, "वरदा, मी कॉलेजला ॲडमिशन घेतलीय. कॉम्प्युटर सायन्सला." मी मीटिंगमधून उठून कॉरिडॉरमध्ये आले होते. मला वाटलं, आयपॅड वापरायचा एखादा क्लास असेल. "आई, त्यासाठी कॉलेज कशाला? मी शिकवते ना वीकेंडला," असं म्हटलं, तर तू म्हणालीस, "तू शिकवशील गं. पण मला वर्गात बसायचंय. चांगलं पुढच्या बाकावर."

मी जिथे हा विषय शिकले तिथे कोडिंग आणि गणित सोडून आम्ही काही पाहिलंच नाही. तुझं कॉलेज निराळंच निघालं. लिबरल आर्ट्सचं. कॉम्प्युटर सायन्स घेतलं तरी सोबत तत्त्वज्ञान, इतिहास, संगीत असं काहीतरी शिकावंच लागतं. परीक्षित म्हणाला, "आई, ही तर थाळी झाली." तू लगेच म्हणालीस, "मग? नुसती भाजी कोण खातं?"

आणि मग पहिल्याच टर्मला प्रोग्रॅमिंगमध्ये नापास झालीस. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, सगळ्या वर्गात एकटी तू. मी धावतपळत एजवेअरला तुझ्या घरी आले, तुझी समजूत काढायची म्हणून काय काय बोलायचं ते ट्रेनमध्ये ठरवत होते. तू दार उघडलंस तेव्हा गॅसवर खिचडी होती आणि डायनिंग टेबलावर तेच पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा उघडलेलं होतं. समोर तुझी वर्गमैत्रीण ईशिता बसली होती, माझ्याहूनही कितीतरी लहान. ती तुला कोडमधल्या चुका शोधायला शिकवत होती आणि त्या बदल्यात तू तिचा तत्त्वज्ञानाचा निबंध मार्गी लावत होतीस. मशीनला 'कळतं' असं म्हणावं की नाही यावर तुमचं जोरात चाललं होतं. "कळणं म्हणजे काय ते आधी मला सांग, मग आपण मशीनचं बघू," असं तू तिला ठणकावत होतीस. मी ठरवून आणलेलं सगळं बोलणं राहिलंच, ताट घेऊन तुम्हा दोघींच्या शेजारी खिचडी खायला बसले.

पण माझ्या मनातून जात नाही तो तिहाईचा दिवस. संगीताच्या कोर्ससाठी तू प्रोग्रॅम लिहीत होतीस. त्याला ताल आणि तबल्याचे बोल द्यायचे, आणि त्याने अशी तिहाई शोधून द्यायची की तोच तुकडा तीनदा वाजून शेवटचा ठोका नेमका समेवर पडेल. तो काही पडेना. दर वेळी समेच्या एक मात्रा अलीकडेच सगळं संपायचं. तू मला कोड पाठवलास. माझं रोजचं कामच हे, पण मलाही चूक दिसेना. तेव्हा व्हिडिओ कॉलवर तू लॅपटॉप बाजूला सारलास, डोळे मिटलेस आणि हातावर ताल धरलास. मी नुसती बघत होते. दोन-तीन आवर्तनं झाली आणि तू एकदम हसत सुटलीस. "अगं, सोळाव्या मात्रेवर थांबून कसं चालेल? सम तर पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा!" एक आकडा वाढवलास आणि प्रोग्रॅम चालला. आमच्या ऑफिसात ही असली चूक कोणी ना कोणी रोज करतं. टाळ्या वाजवून ती शोधणारं माणूस मात्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

कॉलेजच्या हॉलमध्ये तू तो प्रोग्रॅम सगळ्यांना दाखवलास तेव्हा मी आणि परीक्षित तिसऱ्या रांगेत होतो. तू सगळ्या हॉलला मात्रा मोजायला लावल्यास, आणि ज्यांनी जन्मात तबला ऐकला नव्हता तेसुद्धा समेवर एकदम "धा" म्हणाले. माझ्या शेजारच्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "यातली तुमची बहीण कोणती?" मी म्हटलं, "बहीण नाही, आई. ती काय, माइक धरून उभी आहे ती." इतक्या तोऱ्यात मी आयुष्यात कुठलंच वाक्य बोलले नसेन.

आता लिहायला बसले त्या कारणाकडे येते. रविवारी ईशिताचा फोन आला होता. रडत होती. "वरदाताई, आंटी कॉलेज सोडतायत. ट्यूटरला सांगूनसुद्धा आल्या. तुम्हाला माहितीये ना?" मला माहीत नव्हतं. मला तू एवढंच म्हणाली होतीस की, "मी एप्रिलपासूनच येऊन राहते, कॉलेजचं काय, बघू." तुझी शेवटची परीक्षा मेमध्ये आणि आमचं बाळही मेमध्येच. माझं ब्लड प्रेशर वाढलं, मिडवाइफने विश्रांती घ्यायला सांगितलं, आणि तू कोणाला न विचारता ठरवून टाकलंस. खरं सांगू? फोन ठेवल्यावर आधी मला बरंच वाटलं. आई येणार. मग मला सांगलीचं तुझं बी.एस्सी. आठवलं. बाबांना इथल्या हॉस्पिटलची नोकरी लागली म्हणून शेवटच्या वर्षाला ते तू अर्धं सोडून आलीस. मी लहानपणी सारखी आजारी पडायचे, म्हणून इथे आल्यावर धरलेला कौन्सिलचा संध्याकाळचा कोर्सही सोडलास. कधी एका शब्दाने बोलली नाहीस, मला हे सगळं बाबांनी सांगितलं. आई, या वेळी माझ्या बाळाचं नाव पुढे करून सोडू नकोस. परीक्षितने मेच्या सुरुवातीपासून जूनअखेरपर्यंत रजा घेतलीय, मिडवाइफ येऊन जाते, माझं प्रेशरही उतरतंय. मला भीती वाटते, आणि तेव्हा मला तूच हवी असणार आहेस, हेही लपवत नाही. तरी हे पत्र मिळताच ट्यूटरला भेट आणि मी परीक्षा देतेय म्हणून सांग. शेवटचा पेपर झाला की तशीच इकडे ये, मग महिनाभर तुला हलू देणार नाही. आधीच बॅग घेऊन आलीस तर दारातून परत पाठवीन, असं लिहिणार होते. पण ते मला जमणार नाही. तुला बघितलं की मी रडत गळ्यातच पडेन. म्हणूनच सांगतेय आई, तोवर तू येऊ नकोस.

तुझीच,
वरदा