शेवटच्या लिंबोणीची मुळं

नागपूर, ३ जून

ती. आप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओंकारदादाला शिफ्टमुळे सवड नाही, म्हणून लिहिते. आपल्या लिंबोणी पिवळ्या पडून वाळल्या, विहिरीजवळची तेवढी हिरवी राहिली. तिच्या मुळांच्या आत राहणाऱ्या जिवाणूंनी तिला तगवलं असेल, असं आम्हाला इथे प्रयोगशाळेत वाटतं. दादा म्हणाला, सोमवारी बिल्डरचा जेसीबी येणार. त्याआधी तिची केसासारखी बारीक मुळं ओल्या फडक्यात पाठवा. झाड गेलं की पुन्हा मिळायची नाहीत. आईला सांगा, पोरगी वेडी झालेली नाही.

लोभ कमी होऊ देऊ नये.
आपली विजयश्री

चऱ्होली, ९ जून

चि. सौ. विजयश्रीस,
अनेक आशीर्वाद.

मुळं सोबत आहेत. काल काढली. ओंकार रात्रपाळी करून आला होता. म्हणाला, सगळी जमीन दिली, आता मूठभर मुळांसाठी काय उकरताय. मग उकरलं त्यानंच.

एक घोटाळा झाला. मी पाय धुवायला गेलो तेवढ्यात तुझ्या आईनं मुळं चोळून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुचकळून काढली. तिचं म्हणणं, लेकीच्या हापिसात माती कशी धाडायची, लोक नावं ठेवतील. मी ओरडलो. तेव्हापासून ती गप्प आहे. झाड आज सकाळीच गेलं. तुझे जिवाणू मेले असतील तर मला कळव, तिला नको.

माया आहे तशी राहू दे.
आप्पा

नागपूर, १९ जून

ती. आप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

आईला आधी हे वाचून दाखवा. मुळांच्या बाहेरचे जिवाणू जावेत म्हणून आम्हीही ती ब्लीचमध्येच बुडवतो, मग आतले शोधतो. तिने आमचंच काम केलं. आतले जगलेत. काचेच्या बशीत पांढुरके ठिपके दिसतात. झाड त्यांनीच तगवलं का, ते कळायला वर्षं जातील. कदाचित नसेलही. मी थकले आहे, पण रोज बघून येते.

असाच जीव लावावा.
आपली विजयश्री

चऱ्होली, २५ जून

चि. सौ. विजयश्रीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. विहीर बुजवली. तिकडं आता सिमेंटची पोती रचलीत. मी जात नाही.

संध्याकाळी भाकरी थापताना तुझ्या आईनं तोंड उघडलं. विचारते, त्या ठिपक्यांना तिथं खायला काय घालता. परक्या घरी कुणी आपणहून मागत नाही, म्हणते.

लगेच कळव.
आप्पा