सत्ता, बाजार आणि आमच्या अंगणातली पालखी

८ फेब्रुवारी, रविवार
पुस्तक सुरू केलं. ‘राजकीय सत्ता आणि अर्थव्यवस्था : समाजशास्त्रीय परिचय’. तूर्त द्वितीय वर्षाच्या मुलांसाठी, पुढेमागे सगळ्यांसाठी. रोज दोन पानं म्हणजे दोन पानं. आज एक झालं, अर्पणपत्रिका धरून. दीपाली म्हणाली, आधी लिहा, मग अर्पण करा. बायकोला लेखनाची प्रोसेस कळत नाही.

९ फेब्रुवारी
सत्तेचे प्रकार तीन : परंपरेची, माणसाच्या करिष्म्याची आणि नियमांची. उदाहरणं सगळी युरोपातली. रत्नागिरीच्या पोरांना युरोपातले राजे काय करायचेत? आपल्या मातीतलं उदाहरण हवं. स्टाफरूममध्ये डबा खाताना एकदम सुचलं. शिमगा!

आमचं गाव लांज्याच्या अलीकडे. शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. पहिला मान भागोजीच्या घराला, कारण तो मानकरी, त्याचा बाप मानकरी, आजा मानकरी. आमचं घर शेवटचं, उताराखाली, वहाळाच्या काठाला. तिथवर येईतो पोरांचे खांदे गळालेले. वरच्या अंगणांत पालखी मनसोक्त नाचते. आमच्याकडे टेकते, ओटी भरून घेते आणि निघते. आई गावीच असते. गुडघ्यांमुळे तिला वर चढवत नाही. पालखी नाचताना बघून तिला कित्येक वर्षं झाली.
हा अन्याय आहे. शिवाय प्रकरण दोनला फिट्ट बसतो.

११ फेब्रुवारी
पानं : शून्य. पण विचार चालू आहे. विचार हेही लेखनच.

१५ फेब्रुवारी
महाशिवरात्र, उपास. गावकीच्या बैठकीत पाऊण तास बोललो. सगळे शांत. भागोजी तेवढा सुपारी कातरत होता. मी म्हटलं, मान जन्मावर नको, नियमावर हवा. ज्या घरातली बाई वयाने सगळ्यांत मोठी, त्या घरी पालखी आधी. शुद्ध ऑब्जेक्टिव्ह निकष. आमची आई गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बायकांपैकी आहे, हा योगायोग.

भांडण होईल म्हणून मुद्दे काढून नेले होते. भागोजी म्हणाला, बरं हाय की सर, करूया. परंपरेची सत्ता पाऊण तासात आडवी! वर मला नियोजनप्रमुख केलं. करिष्म्याचाही भाग असावा. तळटीप देईन.
घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, खिचडी घे अजून थोडी. आनंद लपवायची सवय आहे तिला.

१८ फेब्रुवारी
शिट्टी घेतली. ‘नियोजनप्रमुख’ असा बिल्ला करायला टाकला. दीपालीने विचारलं, पुस्तकाचं काय? म्हटलं, हे फील्डवर्क आहे. ती ‘हं’ म्हणाली. तिच्या ‘हं’वर स्वतंत्र प्रकरण होईल.

२२ फेब्रुवारी, रविवार
वयं तपासायला गावी गेलो. डोकं फिरायची वेळ आली. गावात जिकडे तिकडे म्हाताऱ्या! भागोजीने मंडणगडहून आत्या आणली आहे, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. शेजारच्या अनिलने विरारहून मावशी आणली. तिचं नाव विचारलं तर तो आत जाऊन विचारून आला. एका घरात तर दोघी, एक राखीव. एरवी वर्षभर ज्यांना कोणी फोन करत नाही, त्यांना स्पेशल गाडी, मानेखाली उशी, वाटेत शहाळं.

पण मी खचलो नाही. हाच तर अर्थशास्त्राचा गाभा. दुर्मिळ वस्तूला भाव आला की पुरवठा वाढतो. प्रकरण चार, ‘बाजार’, आपोआप लिहून झालं (कागदावर यायचं आहे). आमचा नंबर पूर्वी शेवटचा होता, आता शेवटून तिसरा. प्रगतीच म्हणायची.

२५ फेब्रुवारी
रात्रभर विचार केला. बाजार मोकाट सोडून चालत नाही, शासनाने हस्तक्षेप करावा लागतो. इथे शासन म्हणजे मी. गावच्या ग्रुपवर दोन नियम टाकले. एक : बाई कायम गावात राहणारी हवी, आधारकार्डासह. दोन : पालखी येईल तेव्हा ती स्वतः आपल्या अंगणात बसलेली हवी. नसेल तर पालखी न थांबता पुढे जाईल, कोणाचीही गय केली जाणार नाही.
ढिगाने अंगठे आले. भागोजीने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. लोकांना खंबीर नेतृत्व हवंच असतं.

२७ फेब्रुवारी
आयात बंद! विरारची मावशी परत गेली. भागोजीची आत्या मात्र राहिली आहे, तिला इथलं जेवण मानवलं म्हणे. ती आता यादीत नाही. नवा क्रम : पहिली गोदूबाई, देवळामागच्या चढावरची. दुसरे आम्ही!
गोदूबाईची जन्मतारीख एक जानेवारी आहे. संशयास्पद. हरकत घेणार होतो, पण दीपालीने नुसतं बघितलं माझ्याकडे. सोडून दिलं. दुसरा नंबर सभ्य दिसतो.

१ मार्च, रविवार
अंगण सारवून घेतलं. मांडव, स्पीकर, व्हिडिओवाला, सगळं ठरलं. कॉलेजातले चार सहकारी आणि प्रकाशक यांना आमंत्रण. अंगणात मधोमध आईची हातांची खुर्ची. तिला बजावलं, पालखी येईपर्यंत इथून हलायचं नाही.
ती विचारत होती, गोदू पहिली ना? मग सांगत बसली की दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, चढ झेपत नाही म्हणून आता भेट नाही, गोदूलाही खाली उतरवत नाही. विषयांतर फार करते. मी परत खुर्चीचा मुद्दा समजावला.

६ मार्च, सकाळ
आज! पांढरा झब्बा, बिल्ला, शिट्टी. प्रकाशक आले नाहीत, सहकारी आले. त्यांना म्हटलं, सत्तांतर डोळ्यांनी बघा.

६ मार्च, दुपार
वर गोदूबाईकडे ढोल वाजतोय. फार वेळ झाला. शिट्टी वाजवली. वर ऐकू जात नसावी. पालखीला सामोरा जातो.

६ मार्च, संध्याकाळ
लिहायला बसवत नाही. पण नोंद हवी.
व्हिडिओवाल्याला घेऊन वळणापर्यंत गेलो. दीपालीला म्हटलं, चल, तर म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. पालखी आली. मी पुढे, पालखी मागे, ऐटीत अंगणात शिरलो. आई नाही. खुर्चीसुद्धा नाही. घरात दीपालीही नाही. सारवलेल्या अंगणात आमचे चार सहकारी सरबत पीत उभे.

भागोजी म्हणाला, “यमुनाकाकी वर हाय, गोदूकाकीकडे. पोरांनी खुर्चीसकट मागच्या पायवाटेने नेली. मजेत हाय.” म्हटलं, बरं, मी आहे ना, होऊ दे पालखी. त्याने खिशातून मोबाइल काढला, माझा नियम नंबर दोन सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि फार नम्रपणे म्हणाला, “आता सरांचाच शब्द सरांच्या दारात कसा मोडायचा?”
पालखी न थांबता गेली. यंदा टेकलीसुद्धा नाही. व्हिडिओ मात्र पूर्ण आला आहे.

७ मार्च
गावीच राहिलो. सगळं गाव एकच सांगतंय. गोदूबाईच्या अंगणात दोघी म्हाताऱ्या हातात हात घालून बसल्या होत्या. पालखी समोर नाचली. मग पोरांना चेव आला, त्यांनी आईला खुर्चीसकट खांद्यावर घेऊन नाचवलं. दीपालीने फोटो काढले. आई इतकी हसताना मी पाहिलेली नाही, जुन्या फोटोंतसुद्धा नाही.

रागावलो होतो, खरंच. म्हटलं, तुझ्यासाठी गावाशी झगडलो आणि तू ऐनवेळी उठून गेलीस? आई भाकरी थापत होती. म्हणाली, “मला पालखी बगायची व्हती, गुरू. अंगणात नाचवायची तुला व्हती.”
मग हे आधी का नाही सांगितलंस?
“तू बोलत व्हतास.”
भाकरी उलटून तिने फोटो परत बघायला मागितले. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. प्रकरण दोनमध्ये हे कुठे घालावं, समजत नाही. बहुतेक बसणारच नाही.

८ मार्च, रविवार
पुस्तक : एक पान. दीपालीने चहा न मागता आणून दिला.
ठरवलं. पुढच्या शिमग्यात आईची खुर्ची मी स्वतः वर नेणार. एक खांदा माझा. भागोजीला फोन लावला. तो म्हणाला, सर, खुर्चीची माणसं काल रात्रीच ठरली, देवळात. पोरांत भांडणं लागली व्हती त्यासाठी. आता बदलता येणार नाय.
मग तोच म्हणाला, तुम्ही मागून चाला, काकीच्या चपला घ्यायला कोणीतरी लागतोच.
मी हो म्हटलं.