मोराची नक्षी आणि भिंतीवरचं बटण

सोलापूर, मंगळवार संध्याकाळ

चादरीसाठी संगणकावर काढलेला मोर दुपारी थोडा सुधारला. पडद्यावर ‘जतन झाले’ वाचलं आणि बाहेर जाताना सवयीप्रमाणे भिंतीवरचं बटण बंद केलं. वीज सारखी ये-जा करते, यंत्र जळायला नको. परत येऊन बघते तर फाइल रिकामी!

माझी लेक मेघा संगणकाच्या गाभ्यावर, कर्नलवर काम करते. नवा बदल माझ्याच यंत्रावर तपासत होती.

“आई, फाइल आधी मेमरीत थांबते, डिस्कवर मागाहून उतरते; त्याआधी वीज गेली तर मेमरीतलं पुसलं जातं. वेग वाढावा म्हणून मी तो उशीर वाढवलाय.”

“मग आधीच ‘झाले’ कशाला म्हणतं? खोटारडं!”

“सगळीकडे असंच असतं की गं.”

सगळीकडे? इतकी वर्षं? मोरापेक्षा हेच जास्त लागलं.

मग तीच पांढरीफटक पडली. “पण नवं उतरलं नाही तरी डिस्कवरचा आधीचा मोर राहायला हवा होता, माझ्या बदलाने तोही पुसला. चूक माझी आहे. आणि हा बदल मी उद्या सगळ्या जगासाठी पाठवणार होते.”

उद्या!

“आई, बदल नीट तपासायला रोज एकदा न सांगता बटण बंद करशील?”

“करेन की. पण तुझ्या यंत्राचं. माझ्या नाही.”