नाव न घेतलेलं पाणी

८ सप्टेंबर, सोमवार

आज पुन्हा ह्यांचा उजवा हात ओला! पंचाने पुसला, जरा वेळाने बघते तर तळव्यात पुन्हा पाणी. डावा कोरडा ठणठणीत. म्हटलं, "नळाखाली हात धरून बसता का दिवसभर?" तर हात पाठीमागे घेतला. नातीला, मृण्मयीला, सांगितलं. ती म्हणे, "आज्जी, आबांना टेन्शन असेल." ह्या वयात कसलं टेन्शन? बोर्डाची परीक्षा आहे का!

९ सप्टेंबर, मंगळवार

मृण्मयीला कॉलेजात एक कादंबरी लागली आहे, हिंदीत उतरवलेली. ह्यांना मोतीबिंदू, म्हणून दुपारी मोठ्याने वाचते. काबूलमधले दोन पोरगे, जिवाचे मित्र. गल्लीत शिपाई येतात. एक घरात, एक बाहेर. बाहेरचा दार वाजवतो. आतला कडी धरून उभा — उघडत नाही! बाहेरच्याला धरून नेतात. आतला म्हातारा होईस्तोवर ते दार डोक्यावर घेऊन फिरतो, आणि मग परत जातो म्हणे, चूक निस्तरायला.

मी म्हटलं, "कडी काढायला किती वेळ लागतो गं? तेवढ्यापायी सगळी जिंदगी घालवली मेल्याने."

हे उठून आत गेले. बसले होते तिथे चादरीवर ओला पंजा उमटला होता.

लहान. ह्यांचा पंजा काही एवढा लहान नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

दोडके कडू निघाले. ह्यांची साखर तपासून आणली, बरोबर आहे. हात ओलाच.

१३ सप्टेंबर, शनिवार

पितृपक्षात हे रोज क्षिप्रेवरच्या राम घाटावर तर्पणाला जातात. यंदा दिसत नाही नीट, म्हणून मी बरोबर. सगळ्यांची नावं-गोत्रं घेऊन पाणी सोडून झालं. शेवटी एक ओंजळ आणखी — तोंड मिटून. दर वर्षी एखाद्या दिवशी मी जाते, तेव्हाही सोडतात. मला वाटायचं, कोणी लांबचे काका असतील.

आज गुरुजी नवीन होते, तरुण. त्यांनी टोकलं. "बाबूजी, ये किसका?"

"मित्र का."

"नाम?"

ह्यांनी ओंजळ तशीच सोडून दिली.

"बिना नाम का पानी तो जो पहले हाथ बढ़ा दे, उसका," असं म्हणून गुरुजी हसले.  पायऱ्या चढताना ह्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की ब्लाउजची बाही ओलीचिंब.

१४ सप्टेंबर, रविवार

मीच विषय काढला. "कोण मित्र?" तर पाठ फिरवली. "बाई होती का?" तेव्हा बोलले! चिडल्याशिवाय बोलायचंच नाही, असा नेम आहे ह्यांचा.

जयू. माधव नगरात राहते ती सुलभा, ह्यांच्या लहानपणापासूनच्या ओळखीची, तिचा भाऊ. तो लहानपणी घर सोडून पळाला, एवढंच मला माहीत. सगळ्यांना तेवढंच माहीत. तो पळालाच नव्हता. क्षिप्रेला पूर होता, छोट्या पुलावरून पाणी चाललं होतं. ह्यांनी त्याला डिवचलं, भित्रा म्हणाले. दोघं हात धरून पाण्यात शिरले. मधे पाय घसरायला लागले.

"हात सुटला," मी म्हटलं.

"सुटला नाही. मी सोडला."

घरी येऊन सांगितलं, जयू स्टेशनकडे जाताना दिसला. मग काय, त्याच्या आईबापाने रेल्वेलाइनीवरची सगळी गावं धुंडाळली. नदीकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. माणसं आयुष्यभर त्याच घरात राहिली — पोरगं परतलं तर कुठे शोधेल? श्राद्ध नाही, काही नाही. जिवंत माणसाचं कोण करतं!

"मग नाव घेऊन पाणी सोडायचं होतं," मी म्हटलं.

"घरच्यांनी मेला म्हटल्याशिवाय मी कसा म्हणू?"

इतकी वर्षं ह्या माणसाला मी पोळ्या वाढल्या. मिठाबद्दल तक्रार केली तेवढंच बोलणं झालं म्हणायचं.

आता ह्यांना सुलभाकडे नेणार. पक्ष संपायच्या आत.

१५ सप्टेंबर, सोमवार

"उद्या जाऊ" म्हणतात.

१६ सप्टेंबर, मंगळवार

"उद्या." मृण्मयी म्हणते, "आज्जी, त्या कादंबरीतला तर काबूलला परत गेला." तर! आणि आमच्या हिरोला ई-रिक्शात बसवेना.

१७ सप्टेंबर, बुधवार

गेलो. सुलभा एकटीच असते. शाळेतून रिटायर झाली, लग्न केलं नाही. अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. ह्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही, उभ्यानेच सांगितलं. "जयू स्टेशनकडे गेला नव्हता गं. नदीत गेला. हात मी सोडला."

ती सोलतच राहिली.

"माहीत आहे, गोपाळ. तो सांगतो ना."

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. पण आवाज अगदी सरळ. ह्याच पंधरवड्यात येतो म्हणाली, दर वर्षी. अर्धी चड्डी, अंगावरून पाणी निथळतंय. अंगणातल्या नळाशी उभा राहतो. आईला कधी दिसला नाही, हिलाच. पाणी मागतो. ही पेला भरून देते. पेला भरलेलाच राहतो.

"म्हणतो, गोपाळ पाणी देतो, पण माझं नाव घेत नाही. दुसरेच पिऊन जातात."

मी नळाकडे बघितलं. अंगण सगळं कोरडं. नळाशी मात्र दोन पावलांपुरतं शेवाळ.

हे खाली बसले. "सुलभे, मी नाव घेऊ? तू हो म्हण."

ती शेंगा खाली-वर करत राहिली. मग मला राहवेना. "अगं, पोरगं तहानेने ताटकळलंय आणि तू पेले कसले भरतेस! त्याला सोडव की. गोत्र सांग."

माझ्याकडे बघितलं तिने. 

"कौशिक," म्हणाली. परात मांडीवरून सरकली, शेंगा सगळ्या अंगणभर. मी वेचू लागले तर म्हणाली, "राहू दे वहिनी. मला काय दुसरं काम आहे!"

२० सप्टेंबर, शनिवार

चतुर्दशी. अपघाताने गेलेल्यांची तिथी. सुलभाला म्हटलं चल, तर म्हणे, "गुडघे दुखतात."

घाटावर गर्दी. ह्यांनी काळे तीळ घेतले, पाणी घेतलं. इतक्या मोठ्याने बोलले की शेजारचे वळून बघायला लागले! "जयंत. गोत्र कौशिक. माझा मित्र."

ओंजळ तिरपी केली. मी ह्यांच्या कोपराला धरून उभी होते, सगळं दिसत होतं. पाणी बोटांवरून गेलं. नदीवर पडलं नाही. थेंब वाजला नाही, तीळ तरंगले नाहीत. मधल्यामधेच नाहीसं झालं.

गुरुजी हसले नाहीत आज. अंग चोरून बसले आणि दक्षिणा घ्यायलाही विसरले.

हात कोरडा. घरी येऊन तीनतीनदा बघितला. कोरडा, खरखरीत, म्हाताऱ्याचा. दोनदा वरणभात मागून घेतला आणि झोपले ते चहालाच उठले. मृण्मयीला म्हणाले, "ती गोष्ट पुढे वाच." मीपण ऐकायला बसले. चांगली आहे तशी. माझ्या तोंडामुळे एक काम तरी धड झालं म्हणायचं.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. स्वयंपाक आवरत होते, सुलभाचा फोन.

"सकाळपासून नळाशी बसले आहे. आला नाही."

मी म्हटलं, "सुटला गं. चांगलं झालं की."

पलीकडे पेला ठेवल्याचा आवाज झाला. मग म्हणाली, "माझ्याकडे येणारा तेवढाच एक होता, वहिनी."