दोन खिडक्यांचे पडदे

प्रिय ताई,

हे पत्र मी टाकणार नाही, कारण तुमच्याकडचं टपाल भाऊजीच फोडतात. पण नुसतं बसवत नाही, म्हणून लिहितेय.

मघाशी फोनवर तू विचारलंस, "पडदे शिवून झाले का हो?" नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांशी मी संशोधनासाठी फोनवर बोलते, त्यांच्यासाठी ठरवलेली ही खूण. नवरा खोलीत आला की बाईने पडद्यांचं विचारायचं, मी शिंपीण होऊन "किती खिडक्या?" म्हणायचं. एक म्हणजे नंतर बोलू, दोन म्हणजे पोलीस पाठवा. कल्पना तुझीच होती. कायद्याच्या प्राध्यापिकेला साधी सुई धरता येत नाही आणि म्हणे शिंपीण, म्हणून किती हसली होतीस.

आज मी विचारलं, "किती खिडक्या?" तू बोलायच्या आत मागून भाऊजी शांतपणे म्हणाले, "दोन सांग तिला." आणि फोन बंद झाला.

या संशोधनाचं पुस्तक छापताना ती खूण मी वगळली होती. पण ती असलेली पहिली प्रूफं भाऊजींनी तपासली होती, अगदी हौसेने.

आता मी पोलीस चौकीच्या बाकावर आहे. गाडी काढताहेत. जबाबातला शब्द इकडचा तिकडे करू नये, हे मी जन्मभर वर्गात घोकून घेतलं. हवालदारबाईंनी विचारलं, "दोन कोण म्हणालं? बहीण की नवरा?"

मी म्हटलं, "बहीण."

आम्ही येतोय. दार तूच उघड, ताई.

तुझी,
धाकटी